कुत्र्याची भाकरी

कोथरूडच्या माझ्या दवाखान्यात हल्ली एक प्रश्न हटकून येतो: "मॅडम, पूर्वी कुत्री कच्चंच मांस खायची ना?" विचारणाऱ्याच्या घरी फ्रीजरमध्ये पाकिटं रचलेली असतात. कोंबडीच्या माना, बकऱ्याची वजडी, थोडं काळीज, चवीपुरता लाल भोपळा, सगळं एकत्र वाटून गोठवलेलं. त्याचा किलोचा भाव ऐकला की मला मंडई आठवते आणि मी गप्प बसते. मांसाबद्दल माझी तक्रार नाही, कुत्रा मांस आवडीने खातो हे सांगायला डॉक्टर लागत नाही. माझं अडतं ते या 'पूर्वी'पाशी. कधी? कोणाची कुत्री? कोणाच्या दारातली? लांडग्याचा कुत्रा होऊन किमान चौदा-पंधरा हजार वर्षं झाली. एवढ्या काळात त्याच्या पुढ्यात काय पडलं, याच्या थोड्याफार नोंदी आहेत, आणि त्यातला काही भाग मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

पशुसंवर्धन खात्यात लागले तेव्हा माझी नेमणूक माण तालुक्यात झाली. ऐंशीचं दशक, दहिवडीच्या बाजूची माळरानं, आणि पावसाच्या तोंडाला परतणारे धनगरांचे वाडे. दिवाळीनंतर हे लोक मेंढरं घेऊन बागायती मुलखात उतरायचे. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचा, लेंडीखत मिळायचं, आणि त्याच्या बदल्यात धनगराला ज्वारी-बाजरी द्यायचा. कुत्र्याची भाकरी येत होती ती या व्यवहारातून. संध्याकाळी वाघर लावून मेंढरं आत कोंडली की चुलीवर भाकरी पडायच्या. माणसांच्या झाल्या की कुत्र्यांच्या, जरा जाड, निम्म्या करपलेल्या. त्या ताकात नाहीतर दुधाच्या धुवणात कुस्करून दगडाच्या खोलगटात ओतायच्या. कुत्री उंच, हाडकुळी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. पण रात्री लांडगा आला तर त्याच्या अंगावर जाणारी.

शेकड्यांनी मेंढरं दावणीला असलेल्या माणसाचं कुत्रं भाकरीवर का, हा प्रश्न मला तेव्हा शहरी पोरीसारखा पडला होता. एका म्हाताऱ्या धनगराने उत्तर दिलं, "डाक्तरीणबाई, मटनाची चव लागली म्हंजी कुत्रं राखणदार ऱ्हात न्हाई, वाटेकरी हुतं." मेंढरू मेलं की ते लोक कातडं काढून घ्यायचे आणि बाकीचं लांब नेऊन पुरायचे. कुत्र्याला तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. निदान तसा प्रयत्न असायचा. जात्रेला बकरं पडलं तर शिजलेल्या मटणाचं हाडूक, रस्सा लागलेला तुकडा, एवढाच कुत्र्याचा मांसाहार. त्याखेरीज तो ससा, उंदीर, घोरपड काय मारून खाई ते त्याचं त्याने बघायचं.

पुढे कधीतरी मार्कस तेरेंतिउस वारो या रोमन पंडिताचं शेतीवरचं पुस्तक वाचनात आलं, आणि हा म्हातारा इथे कसा पोचला असं वाटलं. वारोने ते इसवीसनपूर्व ३७ मध्ये लिहिलं, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, बायकोने घेतलेल्या शेतासाठी. त्यात मेंढपाळाच्या कुत्र्यांवर एक प्रकरण आहे. कुत्र्याला जवाची भाकरी द्यावी, ती दुधात भिजवून द्यावी, हाडांचा रस्सा आणि फोडलेली हाडं द्यावीत, असं तो सांगतो. आणि मेलेल्या मेंढीचं मांस मात्र देऊ नये, चव लागली की त्याला स्वतःला आवरता येत नाही. त्यानंतर शंभरेक वर्षांनी कोलुमेल्ला नावाचा दुसरा रोमन शेतकरी-लेखक जवाचं पीठ आणि चीज करताना उरलेली निवळी हे कुत्र्याचं अन्न म्हणून सांगतो. जिथे चराई नाही, म्हणून निवळीही नाही, तिथे गव्हाची भाकरी शिजवलेल्या शेंगांच्या पाण्यात कालवून, कोमट करून. कढत दिलं तर कुत्रं पिसाळतं, अशी त्याची समजूत. ती चुकीची आहे, पण बाकीचा जिन्नस माणमधल्या दगडी खोलगटातलाच आहे. धनगराने लॅटिन वाचलं नव्हतं आणि वारोला माणदेश ठाऊक नव्हता. दोघांचा धंदा एक होता, म्हणून दोघांचं कुत्रं एकच जेवलं.

इराणातून आलेल्या परंपरेत थोडं वेगळं दिसतं. पारशांच्या वेंदिदादमध्ये कुत्र्यावर अख्खे अध्याय आहेत. तेराव्यात कुत्र्याचं योग्य अन्न म्हणून दूध, चरबी आणि मांस सांगितलंय, म्हणजे कच्च्यावाल्यांना इथे जरा आधार मिळेल. पण पंधरावा अध्यायही वाचावा. राखणीच्या किंवा घरच्या कुत्र्याला फार कठीण हाडं दिली, किंवा फार गरम अन्न दिलं, आणि हाड दातात किंवा घशात अडकलं, तोंड भाजलं, तर देणाऱ्याला पाप लागतं. घशात अडकलेली हाडं मी चिमट्याने काढलेली आहेत. पुण्यात राहून हे पाप करणारे पुष्कळ भेटतात. मी शिकले ते परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं ते ज्या जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात, तो बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचा, पारशी पैशातून उभा राहिलेला. पारशी घरांत जेवणातला घास कुत्र्यासाठी वेगळा काढायची रीत होती, त्याला 'कुत्रानो बूक' म्हणत.

आपल्याकडेही घास काढतातच. श्राद्धाच्या पंचबळींमध्ये गाईनंतर कुत्र्याचा वाटा असतो, आणि तो शिजलेल्या अन्नाचा. चंपाषष्ठीला खंडोबाला बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत, आणि देवाचं जनावर म्हणून कुत्र्यालाही त्यातलं. (भरितातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना मारक असतो, तेवढा बाजूला काढावा. देव रागावणार नाही.) खंडोबाचे वाघ्ये तर स्वतःच देवाची कुत्री होतात, कोटंब्यात वाढलेलं भुंकत खातात. आणि नामदेवांची गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असते: कुत्रं पोळी पळवून नेतं आणि नामदेव मागे धावतात, कोरडी खाऊ नकोस, हे तूप घे म्हणत. पोळी पळवणारं कुत्रं हे इथल्या माणसाला इतकं ओळखीचं होतं की गोष्टीत ते वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

शिकारी कुत्र्यांचं काय? तिथे तरी रक्तमांस असेल, असं आपल्याला वाटतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या दक्षिणेतला सरदार गास्तों फेबुस याने शिकारीवर ग्रंथ लिहिला. त्याच्या काळच्या शिकारी पथकातली कुत्री रोज पाव खायची. हरीण पडलं की मग मात्र सोहळा व्हायचा. कातडं जमिनीवर पसरून त्यावर आतडी-काळजाचे तुकडे आणि रक्तात भिजवलेला पाव मांडायचा, शिंगं फुंकायची, आणि मग कुत्री सोडायची. म्हणजे कच्चं मांस हे बक्षीस होतं, तेही पावात मिसळलेलं. सगळं हरीण त्यांच्या हवाली करायला सरदाराला काय वेड लागलं होतं? इंग्रजांच्या कोल्ह्याच्या शिकारीच्या कुत्रेखान्यांत भट्टीघर असायचं. तिथे ओटची लापशी आणि घोड्याचं मांस मोठ्या हंड्यांत उकळून एकत्र करायचे. आपल्याकडे मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेली कारवानी कुत्री, ज्यांचं चित्र २००५ साली टपाल तिकिटावर आलं, ती मी शेतकऱ्यांच्या दारात पाहिली तेव्हा ज्वारी-मक्याच्या भाकरीवर आणि दुधावर होती. ससा धरायला पळवायची आणि संध्याकाळी भाकरी घालायची. मोठ्या घरच्या कुत्र्यांचे लाड निराळे असतील. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, त्याच्या ताटात काय असायचं हे त्यालाच माहीत.

मग कारखाने आले. जेम्स स्प्रॅट हा ओहायोतला विजेपासून घर वाचवणाऱ्या कांबी विकणारा माणूस. १८६० च्या सुमारास तो लंडनला गेला, आणि गोदीत कुत्री जहाजावरची टणक बिस्किटं खाताना त्याने पाहिली, असं सांगतात. गहू, भाज्या, बीट आणि वाळवलेलं मांस यांचा केक करून तो त्याने जमीनदारांना, शिकाऱ्यांना विकला. त्याच्या कंपनीत नोकरीला लागलेला चार्ल्स क्रफ्ट पुढे १८९१ पासून स्वतःच्या नावाची श्वानप्रदर्शनं भरवू लागला, आणि तेव्हापासून कुत्र्याची जात आणि कुत्र्याचं बिस्किट हातात हात घालून विकली जाऊ लागली. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी आल्या, घोडे बेकार झाले, आणि १९२२ मध्ये घोड्याच्या मांसाचे डबे कुत्र्यांसाठी बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली तशी डबे मागे पडून कोरडं अन्न पुढे आलं. १९५७ मध्ये पुरिना कंपनीने नाश्त्याच्या धान्याचं यंत्र वापरून फुगवलेल्या गोळ्या काढल्या. आज आपण 'किबल' म्हणतो ते हेच. धंद्याचा हा सगळा इतिहास माणसाच्या उरल्यासुरल्या मालाचा आहे. त्यात कुत्र्याचं भलं झालं, पण त्याच्या भल्यासाठी कोणी निघालं नव्हतं.

त्यामुळे कच्च्या आहाराची चळवळ उभी राहिली तेव्हा लोकांचा राग अगदीच खोटा नव्हता. ज्युलिएट द बैराक्ली लेव्ही या बाईंनी १९५५ च्या पुस्तकात कच्चं मांस, औषधी पाला आणि उपास यांचा पुरस्कार केला होता. ऑस्ट्रेलियन पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांचं 'गिव्ह युअर डॉग अ बोन' १९९३ ला आलं आणि तिथून ही लाट जगभर गेली. मग २००७ मध्ये चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं, उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली, नामांकित कंपन्यांचे डबे परत मागवावे लागले. त्यानंतर पाकिटावरच्या शब्दांवर कोणी विश्वास ठेवला नाही, तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. पण पाकिटवाल्याने फसवलं म्हणून 'कुत्रा म्हणजे लांडगाच' म्हणणारा लांडगेवाला खरा ठरत नाही.

लांडग्याचं उत्तर २०१३ मध्ये उप्सालाच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दिलं. पिष्ट पचवणारं अमायलेज स्वादुपिंडात तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. पुढे जुन्या हाडांतल्या डीएनएवरून दिसलं की युरोपातल्या शेतकऱ्यांच्या कुत्र्यांत हा बदल किमान सात हजार वर्षांपूर्वी सुरू झाला होता. शेती न पोचलेल्या उत्तर ध्रुवाकडच्या कुत्र्यांत प्रती कमी. म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एसी लावून ठेवलेल्या हस्कीला भाकरी थोडी कमी पचत असेल, हे मी मान्य करते. त्याच्या बाकीच्या तक्रारींपुढे ही फार लहान आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले तिथे येते. कच्चं मांस कुत्र्यांना पोटभर देणारा समाज इतिहासात सापडतो, तो आइसलँडमध्ये. शरद ऋतूत घरोघर मेंढ्या कापल्या जायच्या, आतडी-फुप्फुसं कुत्र्यांना, आणि मग लांबलचक हिवाळा एकाच छपराखाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डॅनिश डॉक्टर श्लाइस्नर याने पाहणी केली तेव्हा सहा-सात माणसांमागे एकाच्या पोटात पाण्याच्या गाठी आहेत असा त्याचा अंदाज निघाला. यकृतावर नारळाएवढ्या, फुप्फुसात, कधी मेंदूत. अंदाज कदाचित वाढीव असेल, पण रोग घरोघर होता यात शंका नाही. १८५२ च्या सुमारास जर्मनीत फॉन सीबोल्डने अशाच गाठी कुत्र्यांना खाऊ घालून त्यांच्या आतड्यात जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा फीतकृमी वाढवून दाखवला होता. मेंढीच्या काळजातली गाठ कुत्र्याने कच्ची खाल्ली की कृमी, कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, हातावर, केसांवर. तिथून परत मेंढीत, नाहीतर माणसात. कुत्र्याला यात जवळजवळ काहीच होत नाही. तो शेपटी हलवत असतो.

१८६३ मध्ये कोपनहेगनहून हराल्ड क्राबे हा पशुवैद्य आइसलँडला गेला. त्याने शंभर कुत्र्यांची आतडी उघडून पाहिली, त्यातल्या अठ्ठावीसांत हा कृमी निघाला. त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला तो विद्वानांसाठी. सामान्यांसाठी आइसलँडिक भाषेत एक लहानशी पुस्तिका काढली आणि ती सरकारने घरोघर वाटली. गाठी असलेला अवयव जाळा किंवा पुरा, कुत्र्याला देऊ नका, कुत्री कमी ठेवा, त्यांना जंताचं औषध द्या. आइसलँडमध्ये लोक वाचणारे होते, हे क्राबेचं नशीब. १८९० च्या कायद्याने जंताचं औषध आणि दूषित अवयवांचा नाश सक्तीचा झाला. १९२४ मध्ये तर रेक्याविक शहरात कुत्रा पाळायलाच बंदी आली, आणि ती सैल व्हायला १९८४ उजाडलं. या सगळ्याच्या जोरावर तो देश त्या रोगातून मोकळा झाला.

न्यूझीलंडलाही हेच करावं लागलं, आणि तिथे आपल्या कोकणातलं एक फळ कामाला आलं. सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्याने कुत्र्याला रेच होतो आणि कृमी बाहेर पडतात. १९५९ च्या हायडॅटिड, म्हणजे याच पाण्याच्या गाठींच्या, कायद्यानंतर सरकारी माणूस गावोगाव कुत्री एका ओळीत बांधून हा डोस द्यायचा आणि जे पडेल ते तपासायचा. मेंढीचे कच्चे अवयव कुत्र्याला घालणं गुन्हा ठरला, घालायचे तर उकळून. २००२ मध्ये देश तात्पुरता रोगमुक्त जाहीर झाला. चाळीसहून अधिक वर्षं, एका सवयीपायी.

आपल्याकडे यातलं काही झालं नाही. माणमध्ये मेंढरांची शवविच्छेदनं करताना काळजावर आणि फुप्फुसावर पांढरट, ताणलेल्या गाठी हाताला लागायच्या. मी त्या पुरायला सांगायची. गावच्या खाटकाकडे कोण सांगणार? तो गाठीचा भाग कापून मागे भिरकवायचा, आणि तिथे चार-पाच कुत्री आधीच जागा धरून असायची. एका मेंढपाळ कुटुंबातली बाई माझ्या ओळखीची होती. बरगडीखाली फुगवटा आला, सोलापूरला मोठं ऑपरेशन झालं. गाठ फुटली तर पाण्याने नव्या गाठी होतात आणि कधी जीवही जातो, म्हणून सर्जन लोक ती फार जपून काढतात. घरी येऊन तिने मला विचारलं होतं, "आमी तर कुत्र्याला मटन घालतबी न्हाई, मग?" तिचं खरं होतं. भाकरी घरची होती, बाकीचं जेवण कुत्रं खाटकाच्या मागे उरकून येत होतं.

भाकरीची आरती मी ओवाळत नाही. नुसत्या भाकरी-पाण्यावरची पिल्लं मी पायांना बाक आलेली पाहिलीत. पण बिनहाडाच्या मांसावर वाढवलेली अल्सेशियनची पिल्लंही पाहिलीत, सोफ्यावरून उडी मारली आणि मांडीचं हाड मोडलं अशी. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, शरीर मग हाडांतून उसनं काढतं. म्हणून मी अंडं, शिजवलेलं मांस, भात किंवा भाकरी, आणि वजनाप्रमाणे कॅल्शियम असं लिहून देते. जमत नसेल तर चांगल्या कंपनीच्या गोळ्या द्या म्हणते, आणि तेही लाज न बाळगता. फ्रीजरवर विसंबणाऱ्यांना एक गोष्ट परतपरत सांगावी लागते: गोठवल्याने फीतकृमीच्या गाठी मरतात, साल्मोनेला मरत नाही, तो नुसता झोपतो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ मध्ये कच्च्या पेट-फूडचे १९६ नमुने तपासले, १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया निघाला. तिथल्या पशुवैद्यक संघटनेने २०१२ मध्ये कच्चं देऊ नका असा ठराव केला. तो कुत्र्यापेक्षा घरातल्या रांगत्या मुलाची आणि केमोथेरपी घेणाऱ्या आजीची काळजी करणारा आहे. वाटी ओट्यावर धुतली जाते, कुत्रा तोंड चाटतो, एवढाच काय तो प्रवास.

अलीकडे दहिवडीकडे गेले होते. वाडे कमी झालेत, पण आहेत. रस्त्याला आता दर थोड्या अंतरावर ब्रॉयलरची दुकानं, आणि प्रत्येक दुकानामागे ओढ्यात पिसं, आतडी, माना, पाय यांचा ढीग. पोल्ट्रीत मेलेल्या कोंबड्यांची पोतीही तिथेच येतात. धनगरांची कुत्री, गावची कुत्री, मोकाट, पाळीव, सगळी तिथे. लांडगेही रात्री येतात असं वनखात्याचा एक माणूस सांगत होता. दख्खनच्या कुत्र्याला इतकं कच्चं मांस कधीच मिळालं नसेल. वाड्यावर चुलीपाशी बसलेली धनगराची सून म्हणाली, आता कुत्र्यांच्या भाकरी निम्म्याच थापते, येतात तेव्हा पोट भरलेलं असतं. कोथरूडच्या पाकिटातली मान आणि या ओढ्यातली मान एकाच पोल्ट्रीतली असू शकते. भाव तेवढा वेगळा. तिला मी जंताच्या गोळ्यांची पट्टी दिली, दर तीन महिन्यांनी, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे, भाकरीत दडवून.